न लढलेली अंतिम लढत

(मानाउस. नदी उतरली आहे. काठावर टेकूंवर चढवलेल्या लाकडी नावेच्या पोटाखाली लिंदोमार फळ्यांच्या फटींत कापूस ठासतो आहे. त्याची बायको इवानेती डांबर तापवते आहे. ओतोनिएल नुकताच आलेला.)

लिंदोमार : तिथे उभा राहू नकोस, उजेड अडतो. बसायचं तर त्या ओंडक्यावर बस.

ओतोनिएल : बसलो की उठताना कंबर विचारते, कशाला बसला होतास.

इवानेती : ऐकलंस, लिंदोमार? तीनदा जगज्जेता झालेला माणूस, आणि त्याची कंबर त्यालाच जाब विचारते! कॉफी घेणार ना, चँपियन?

ओतोनिएल : घेतो, वहिनी. आणि उत्तर मिळाल्याशिवाय इथून हलत नाही, तेही सांगून ठेवतो.

लिंदोमार : उत्तर दिलं की तू आल्याआल्याच. नाही.

ओतोनिएल : काळा पट्टा कमरेला लागून एकतीस वर्षं झाली मला. उद्या लाल-काळा बांधायचा आहे. तुला माहीत आहे, आपल्या जिउ-जित्सूत वरचा पट्टा कुणी स्वतःच्या हाताने बांधून घेत नाही. तो वस्तादाने बांधायचा. वस्ताद नसेल, तर त्याच्या हाताखालच्या सगळ्यांत जुन्या माणसाने. बेनविंदो वस्ताद जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या हातचे काळे पट्टे दोनच. त्या दिवशी रांगेत तू माझ्यापुढे होतास. म्हणजे जुना तू. बांधायचा तूच.

लिंदोमार : माझा पट्टा कुठे पडलाय तेही मला ठाऊक नाही.

इवानेती : मला आहे. कपाटात, वरच्या कप्प्यात. दर वर्षी ऊन दाखवते त्याला. धूत नाही, धुवायचा नसतो म्हणे.

लिंदोमार : तुला कुणी विचारलं?

इवानेती : सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नाही, म्हणूनच आज न विचारता सांगितलं.

लिंदोमार : ओतो, तुझे चेले लिस्बनला शिकवतात, अबू धाबीला शिकवतात. उद्या बावन्न काळे पट्टे रांगेत उभे राहणार, असं पेपरात आलंय. सांग की त्यांतल्या कुणाला. तालमीच्या भिंतीवर तुझं एवढं मोठं चित्र काढलंय. बाजारात जाताना रोज दिसतं. कान मात्र फारच सरळ काढलाय.

ओतोनिएल : चुरगळलेला कान चित्र काढणाऱ्या पोरीला रंगवता आला नाही.

लिंदोमार : तो कान मी चुरगळला होता. तेवढा तरी नीट काढायला हवा होता.

इवानेती : ते जाऊ दे. चँपियन, तुमच्या त्या दोन मुली टीव्हीवर पाहिल्या मी. जोसियेली आणि कोण ती?

ओतोनिएल : राइला.

इवानेती : राइला. एका तालमीच्या, एका खोलीत राहणाऱ्या. अंतिम फेरीत समोरासमोर आल्या आणि अशा लढल्या, अशा लढल्या! जिंकलेली जास्त रडत होती. माझ्या बहिणीने विचारलं, यांचा वस्ताद माणूस आहे की कसाई? बाकीचे तर अशा वेळी लढवत नाहीत ना?

ओतोनिएल : नाही लढवत. एका तालमीचे दोघे शेवटपर्यंत पोचले म्हणजे तालीम जिंकली. पदक कुणी घ्यायचं ते वस्ताद बोटाने दाखवतात. दोघे गादीवर जातात, गळाभेट घेतात, पंच एकाचा हात वर करतो. सगळीकडे हीच रीत. माझ्या तालमीत ती मी कधी पाळू दिली नाही.

इवानेती : आणि तुम्हाला विचारलं की हसून विषय बदलता.

ओतोनिएल : आज बदलायचा नाही, म्हणून आलोय.

लिंदोमार : नको. ते मला ऐकवू नकोस. मी होतो तिथे.

ओतोनिएल : सगळीकडे नव्हतास.

लिंदोमार : होतो! बेलेंपर्यंत पाच दिवस बोटीत एकाच्या खाली एक झोळी बांधून झोपलो. पुढे रिओपर्यंत बस, जागतिक स्पर्धेला. मासळी संपली तेव्हा नुसतं कसाव्याच्या कंदाचं पीठ पाण्यात कालवून खाल्लं. चार-चार लढती काढून दोघे अंतिम फेरीत आलो. त्या सकाळी वस्ताद आले, तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हा घेईल. माझं नावसुद्धा घेतलं नाही. मी मान डोलावली. गळाभेट घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बस. यात तुझं काय उरलंय सांगायचं?

ओतोनिएल : त्यानंतर तू गादीवर पाय ठेवला नाहीस.

लिंदोमार : पदकासाठी नव्हे रे. पदक म्हणजे काय, रंग उडणारा पत्रा. पण पंधरा वर्षं त्या माणसाने मला रोज पाहिलं. पडताना, उठताना, श्वास तुटताना. सगळं पाहून झालं आणि त्याचं बोट तुझ्याकडे गेलं. म्हणजे माझ्यात जे नव्हतं, ते त्याला दिसलं. काय नव्हतं, ते मी अजून शोधतोय. नावेचं बरं असतं. पाणी कुठल्या फटीतून शिरतंय ते हाताला लागतं तरी.

ओतोनिएल : बोट वस्तादांचं होतं, लिंदोमार. वळवलं मी.

लिंदोमार : म्हणजे?

ओतोनिएल : आदल्या संध्याकाळी तू अंघोळीला गेलास, तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, उद्याचं मला द्या. वडील अंथरुणाला खिळलेत, धाकट्या बहिणी माझ्या वाटेकडे डोळे लावून बसल्यात, सगळं सांगितलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. आणि त्यातलं एकही कारण नव्हतं.

इवानेती : मग कारण काय होतं?

ओतोनिएल : मला या लिंदोमारची भीती वाटत होती.

लिंदोमार : वस्ताद काय म्हणाले?

ओतोनिएल : दिवा लावायची वेळ झाली होती, त्यांनी तो लावला नाही. मग म्हणाले, "लढलात तर लिंदोमार जिंकेल. तुला ते माहीत आहे, म्हणून आलास." मी हो म्हटलं. तर म्हणाले, "घे. त्याला सोसेल, तुला सोसणार नाही. पण हे त्याला सांगायचं काम तुझं. मी सांगणार नाही."

लिंदोमार : आणि तू सव्वीस वर्षं...

ओतोनिएल : शेवटच्या आजारात त्यांनी विचारलं, सांगितलंस? मी त्यांचा हात हातात धरून म्हटलं, हो, सांगितलं. त्यांचं समाधान झालं. माझे पुढचे दोन किताब खरे आहेत, वहिनी, घामाचे आहेत. पण दोन्ही वेळी पंचाने हात वर केला आणि मला वाटलं, हा हात आधीच एकदा उचलला गेलाय, आता तो माझा राहिलेला नाही.

इवानेती : तुमची कविता तुमच्यापाशी ठेवा! आमच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला आलात तुम्ही. केकचे दोन तुकडे मागून घेतलेत. या माणसाच्या शेजारी बसून खाल्लेत. तुमची लढत लागली की हा रेडिओ बंद करून नदीवर निघून जायचा, आणि मी लोकांना सांगायचे, त्याला जाळी पाहायचीत!

ओतोनिएल : बोला, वहिनी. मी ऐकायलाच आलोय.

इवानेती : ऐकायला नाही आलात. पट्टा बांधून घ्यायला आलात.

ओतोनिएल : दोन्हीसाठी आलो. पण एकच मिळणार असेल, तर हे ऐकणं.

लिंदोमार : डांबर उतू चाललंय, इवानेती. बाजूला घे ते.

इवानेती : डांबर राहू दे. तू बोल!

लिंदोमार : बोलतो. ओतो, वस्ताद एका बाबतीत चुकले. मला सोसलं नाही.

ओतोनिएल : ठाऊक आहे.

लिंदोमार : आणि त्या दोन पोरी? त्यांना तू का लढवतोस? माझी भरपाई त्यांच्याकडून?

ओतोनिएल : मीही स्वतःला विचारलंय. हरल्यावर रात्रभर रडली राइला. पण सकाळी मला म्हणाली, वस्ताद, निदान मी कितपत आहे ते मला कळलं. तुला ते मी कळू दिलं नाही.

लिंदोमार : उद्या त्या बावन्न जणांसमोर हे सगळं सांगशील?

ओतोनिएल : सांगेन.

लिंदोमार : भिंतीवरचं चित्र पुसतील.

ओतोनिएल : पुसू देत.

लिंदोमार : पट्टा बांधायच्या आधी सांगायचं. नंतर नाही.

ओतोनिएल : आधी. ऐकल्यावर तुला बांधावासा वाटला नाही, तर जुनाच कमरेला ठेवून घरी जाईन.

लिंदोमार : येईन मी. बांधीन की नाही, ते तिथे उभा राहिल्यावर कळेल. आज विचारू नकोस.

ओतोनिएल : नाही विचारत.

इवानेती : लिंदोमार, हात बघ तुझा. कापूस कुठे ठासतोयस? ती फट मघाशीच भरलीस.

लिंदोमार : असू दे. इकडे ये जरा, इवानेती. जवळ ये. ओतो, वस्ताद त्या संध्याकाळी काय म्हणाले?

ओतोनिएल : सांगितलं ना आत्ता.

लिंदोमार : पहिलं वाक्य. तेवढंच.

ओतोनिएल : "लढलात तर लिंदोमार जिंकेल."

लिंदोमार : आणखी एकदा. माझ्याकडे नको, तिच्याकडे बघून सांग.