पारा उतरंपतोर

...आन् घोडीची गोष्ट काढायची काय गरज हुती, सांगा मला? सांगलीचा शिकलेला दाक्तर, आन् पुढ्यात कोन, तर कवठे महांकाळची अंबूबाई. लढाईचं साल, लेक जोतीराम पलटनीत, आन् ही त्याच्या बायकूला, शालूबाईला, बैलगाडीत घालून आलेली. शालूला आठवा म्हैना, पाय सुजून भोपळं झाल्यात, डोकं ठनकतंय, डोळ्यांम्होरं काजवं. दाक्तरनं पाऱ्याचं यंत्र उघडलं, म्हनला, "रक्ताचा दाब मोजूया." अंबूबाईनं इचारलं, "रगत भाईर न काढता?" सरळ सवाल. तर ह्यो सांगतोय काय, "पूर्वी विलायतेत एकानं घोडीच्या नसेत नळी खुपसली, रक्त पुरुषभर वर चढलं..."

झालं. तुमास्नी सांगतो, अंबूबाई सून आन् यंत्राच्या मधी हुबी ऱ्हायली, ती हलंना.

"अहो, ते दोनशे वर्षांपूर्वीचं. मग कुणी दंडाला रबरी पट्टी बांधली, कुणी कानाला नळी लावून ठोके ऐकले. आता साधा ओरखडाही नाही." आयकलं समदं, पर बाई हलंना. "आदी माज्या दंडाला बांदा." बांधली. पारा चढला, उतरला. "तुमचं छान आहे." मग शालूचं मोजलं, आन् दाक्तरनं लगीच परत मोजलं. म्हनला, "फार वाढलाय. घरी नेलीत तर झटके येतील, मायलेकरू दोन्ही जातील. बाळंत होईपर्यंत इथंच ठेवा."

आता अंबूबाई दवाखान्यातनं हलंना! तिचा मालक, बाळासो, दारात गाडी घिऊन. "आगं, रानात शाळू जुंधळा काढनीला आलाय. आपल्या बाया बांधावर बाळंत झाल्या, हिलाच काय झालंय?"

"आपली हरणा त्याच बांधावर बाळंतपनात गेली, इसरला व्हय? पारा उतरंपतोर म्या येत न्हाई."

लेकीचं नाव निगालं, तशी बाळासोनं गाडी वळवली. आन् हिकडं अंबूबाई सकाळ-संध्याकाळ दाक्तरम्होरं हजर, "मोजा." सुनंला आळनी जेवन, सोता बी आळनीच. शेवटी नात झाली. चिमटीएवढी, पर रडली खणखणीत. मग हळूहळू पाराबी उतरला.

बाळासो परत आला. "आता तरी चल." तर काय, हलंना.

"आवं, आदी तुमी बाही वर करा."

बाळासोनं बैलांकडं बघितलं, दाक्तरकडं बघितलं, आन् बसला इस्टुलावर. म्हनला, "मोजा दाक्तर. पर हिच्यासंगं जलम काढलाय, आकडा मला न मोजताच ठावा हाय."