काळा टाका

बासष्ट सालची थंडी. रहिमतपूरच्या एस.टी. स्टँडवर माझ्या मागं एक आई आणि तिची हायस्कुलातली लेक उभ्या होत्या.

"समद्या वर्गानं जवानांसाठी स्वेटर इणल्यात, आई. आज बाई साताऱ्याला धाडणार."

"ह्यो आपल्या जोतीरामलाच घावंल न्हवं?"

"तसं न्हाई गं. कुणालाबी जाईल."

"मग त्याच्याच मापाचा कशाला इणलास?"

"दुसऱ्या कुणाचं माप मला ठावं हाय?"

"बरं, नीट घडी घाल त्याची."

"आई, आतल्या अंगाला ह्यो काळा टाका कुणी घातला?"

"मीच. नजर लागू ने म्हून."

"पर दादाला न्हाई मिळाला तर?"

"ज्याला मिळंल, त्याची आईबी लांबच असंल की. त्याला तीट कोण लावणार?"