नळीची हवा

मोर्चामुळे बस अडली होती. हिंदमाताच्या बसथांब्यावर रांगेत ताटकळून कावलेल्या भिवाच्या कानावर पुढच्या दोघांचं बोलणं पडलं. एक पोरगेला जगन, दुसरा माहीमचा म्हातारा कोळी.

"दत्तूनाना, मालवणला हौसेनं बुडी मारायचीय. पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र नवं घेऊ, की तुमच्याकडचं जुनं?"

"जुनं घे. हवेची बाटली बंद करून नळीतून श्वास ओढून बघ, कुठून हवा शिरत नाही."

"पण तुमचा मुलगा तेच लावून वारला ना?"

"यंत्र शाबूत होतं रे. बाटलीत हवाही होती. खोल पाण्यात घेतलेली नळीची हवा वर येताना फुगते, ती सोडत यायची असते. त्यानं श्वास धरून ठेवला. छाती फाटली."

"का धरला?"

"लहानपणी खाडीत बुडवून मीच शिकवलेलं, डोकं वर येईस्तोवर श्वास सोडायचा नाही म्हणून."