अणुइंजिनाला समितीची मंजुरी

...आणि वर मलाच म्हणतात, ‘बाळ, घाई करू नकोस!’ अहो, मंगळावर जायला तुमच्या रासायनिक इंजिनाला सात-आठ महिने लागतात, आणि घाई कोणाला, तर मला! अशी पाच माणसं आमच्या मंजुरी समितीत बसलीत, पाचांच्या नोकरीची वर्षं जोडली तर दोनशे भरतील... तरी तुम्हाला सांगते, मी शांत होते.

तीन वर्षं खपून मी अणुइंजिनाचा आराखडा केलाय. समिती ‘नाही’ म्हणाली की तो कपाटात, आणि मी पुन्हा जुन्या इंजिनांचे वॉशर तपासायला! म्हणून अगदी सोपं करून सांगितलं. ‘सर, जुनं रॉकेट इंधन जाळतं, माझं जाळतच नाही. अणुभट्टी हायड्रोजन तापवते, तो सुसाट मागे पळतो, यान पुढे. तेवढ्याच वजनाच्या इंधनात जवळजवळ दुप्पट काम!’

तर टाकीवाले सर, ज्यांची हयात इंधनाच्या टाक्या आखण्यात गेली, ते चष्मा कपाळावर नेऊन म्हणतात कसे, ‘इंधन कमी? मग माझ्या टाक्यांचं काय?’ आता बोला! पण मी शांत होते.

मग अध्यक्ष खाकरले. ‘पण अगं, जमिनीवरून उडतानाच काही झालं तर?’ अहो, जमिनीवरून तुमचंच रॉकेट नेणार ना माझ्या इंजिनाला! माझी भट्टी वर पोचल्यावरच सुरू होणार! हे चौथ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा! ‘तरी पण, अणू म्हटलं की...’ अणू म्हटलं की काय? तुम्ही बसलाय ती खुर्चीसुद्धा अणूंचीच आहे! एवढं मात्र मी जरा मोठ्यानं म्हणाले... म्हणजे, बाहेरचा शिपाई आत डोकावला, कोणाला पाणी हवंय का विचारायला. पण शांतच होते हो!

मग पाच डोकी एकत्र आली. कुजबुज, माना हलवणं... आणि अध्यक्ष हसत म्हणाले, ‘अभिनंदन, बाळ! मंजूर!’ मी टुणकन उठलेच! टाकीवाल्या सरांना मिठीच मारणार होते, इतक्यात कागद हातात आला. पंप मंजूर. नळी मंजूर. टाकी तर आणखी मोठी करून मंजूर! खाली बारीक अक्षरात एकच अट : सुरक्षिततेच्या दृष्टीने अणुभट्टी वगळावी.

केली सही. काय करता? पुढच्या महिन्यात चाचणी आहे. टाकीतून थंड हायड्रोजन निघेल, नळीतून थंडच बाहेर पडेल, इंजिन जागचं तसूभर हलणार नाही... आणि अहवालात लिहिणार कोण? मीच! ‘चाचणी शंभर टक्के यशस्वी.’