उंबराच्या मोरीवरची पाटी

ऐका. तो हॉर्न आला का कानावर? तोच रस्ता. आता मधी डिवायडर, कडेला सोसायट्या, वर पिवळे दिवे. पण आधी तिथं नुसती गाडीवाट होती, फुफाट्याची. मग मोठा दुष्काळ पडला. सरकारनं खडी फोडायचं काम काढलं, बायाबापड्यांनी पाट्या वाहून रस्ता केला. त्यावर डांबर आलं, डांबरावरनं एसटी आली. दुरडीत भाकरीवर भाकरी रचावी तसा रस्ता. खालची दिसत नाही, पण असते. हसू नको रे बबन्या, पुढं ऐक.

डांबर नवं होतं तेव्हाची गोष्ट. धुरपदा नावाची बाई जकातनाक्यापासनं निघाली. दिवस बुडालेला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लाकडी पाळणा. लेकीच्या पोराचं सकाळी बारसं. लेकीची आधीची दोन लेकरं गेलेली, म्हणून धुरपदा बोलली होती, हे तिसरं माहेरच्याच पाळण्यात घालायचं. सुतारानं उशीर केला, एसटी नाक्यावर बंद पडली. लोक म्हणाले, "मावशी, सकाळी जा. मोरीवर ती बसते."

ती कोण, ते धुरपदाला ठाऊक होतं. दुष्काळी कामावर खडी वाहता वाहता मेलेली बाई. रस्त्याखालनं ओढा जातो त्या उंबराच्या मोरीवर पाटी घेऊन बसायची आणि जाणाऱ्याला म्हणायची, "जरा हात लावा की." आता सांगा, डोक्यावर ओझं चढवायला हात लावा म्हटल्यावर आपल्यात कुणी नाही म्हणतं का? वैऱ्यालासुद्धा म्हणत नाही! एका तेल्यानं हात लावला. दुसऱ्या दिवशी मोरीखाली खडी वेचत बसलेला सापडला. घरी नेला, तर पुन्हा तिथंच. मरेस्तोवर तिथंच.

तरी धुरपदा निघाली. नातवासाठी निघाली हो!

मोरी आली. उंबराखाली बाई. शेजारी खडीनं भरलेली पाटी.

"बाई, जरा हात लावा की."

"माझेच हात गुंतलेत, बये. मागनं कुणी यील," असं म्हणून धुरपदा पुढं झाली. चुकल्याचुकल्यासारखं झालं तिला. जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

वळण घेतलं. बघते तर पुढं पुन्हा तोच उंबर, तीच बाई! आणि पायाखालचं डांबर कुठं गेलं? टोकदार खडी लागायला लागली.

"धुरपदाबाई, हात लावा की."

नाव कुणी सांगितलं हिला? धुरपदानं पाय उचलला. चालली, चालली. पुन्हा उंबर! आता खडीपण नाही. मऊ फुफाटा, चाकोऱ्या. नाक्याचा दिवा विझलेला. अंधारात शंभर हातोड्या दगडावर पडतायत, ठक, ठक, आणि माणूस एक दिसत नाही. आणि ती बाई काय म्हणाली? लेकीच्या आवाजात म्हणाली,

"आई, हात लाव की गं."

धुरपदाचे हात पाळण्यावरनं आपोआप सुटायला लागले. लेकीचा आवाज तो! पळावं तर रस्ता पुन्हा इथंच आणणार. हात लावावा तर बारसं कुठलं आणि नातू कुठला. पण धुरपदा थंड डोक्याची.

"लावते की," धुरपदा म्हणाली. "पण डोक्यावर ओझं घेऊन वाकू कशी? आधी माझं उतरव."

ती उठली. बर्फासारखे हात पाळण्याला लागले. उतरवून तिनं पाळणा मातीत ठेवला आणि त्यातल्या गोधडीकडं बघत राहिली.

"कुणाचा?"

"लेकीच्या लेकराचा. उद्या बारसं."

तिनं पाळण्याला बोटानं एक झोका दिला. हातोड्या थांबल्या.

"माझं याच उंबराला झोळीत असायचं," ती म्हणाली. आता आवाज तिचा स्वतःचा होता.

 धुरपदानं चुंबळ नीट केली आणि म्हणाली, "उतरवलंस तसं चढव. जो उतरवतो त्यानंच चढवायचं. तुझ्या गावात ही रीत नव्हती का?"

"होती."

आणि चढवला हो तिनं! दोन्ही हातांनी उचलून नीट चुंबळीवर बसवला. पाळणा डोक्यावर टेकला, तशी धुरपदा निघाली. तडक.

मागनं हाक आली, "आणि माझी पाटी?"

धुरपदानं मागं बघितलं नाही. आपल्याच हातानं ओझं चढवून दिलेल्याची वाट त्या बाईला अडवता येईना. पायाखाली फुफाटा संपला, खडी लागली. खडी संपली, डांबर लागलं. पुढं लेकीच्या गावचा कंदील दिसला.

सकाळी बारसं झालं. पोर जगलं. म्हातारं होऊन आज तुमच्यापुढं बसलंय.

आजी माझी पुष्कळ जगली. पण कुणी धाडसाचं कौतुक केलं की तिचा चेहरा उतरायचा. म्हणायची, "तिनं रीत पाळली रे. मी मोडली."

आता मोठा रस्ता सरळ गेलाय, मोरी बाजूच्या जुन्या वळणावर राहिलीय. गर्दी चुकते म्हणून त्या वळणानं जाऊ नका. तुम्ही माझी नातवंडं. हात लावा म्हटलं की नाही म्हणणं तुमच्या रक्तात नाही. आणि ती पाटी अजून खालीच आहे.