दाराच्या रबरावरचा केस

अहो, एक केस! दोन नाहीत, पुंजका नाही, एक! आणि आमचा शेजारी मला विचारतो, "डेल्मर, एका केसाचं एवढं काय रे घेऊन बसलास? माझ्या सूपमध्ये रोज निघतो!" आता ह्याला काय सांगायचं? बाबा रे, तुझं सूप चंद्राला वळसा घालून येत नाही!

तुम्हाला सांगतो, माझं काम तसं साधं. केपवर, म्हणजे यानं उडतात त्या तळावर, तीस वर्षं तेच करतोय. अंतराळवीर यानात पाठीवर आडवे झाले, त्यांचे पट्टे आवळले, की आम्ही पाचजणांनी दार लावायचं आणि खाली उतरायचं. दाराच्या कडेला रबराची पट्टी असते, ती पुसायची माझ्याकडे. अशी पुसतो, अशी पुसतो... आमची डोरिन म्हणते, "घरातलं टेबल कधी असं पुसलंस?" लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिचं टेबल काही सुटत नाही! तर अंगावर पांढरे कपडे, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातमोजे, कशासाठी? केस पडू नये म्हणून. मी आपला निर्धास्त, कारण डोकं हे असं, तुळतुळीत!

त्या दिवशी दुपारी सगळं झालेलं, मी दाराला हात घालणार, एवढ्यात आतून यान चालवणारी इलेना म्हणते, "अहो मास्कवाले, दहा दिवस आम्ही चौघं आता एकमेकांचीच तोंडं बघणार. जाता जाता एक वेगळं तोंड दाखवा की!"

म्हणाली हसत, पण बोटं पट्ट्यावर टकटक टकटक चाललेली. तिची सहा वर्षांची मुलगी खाली नदीकाठी आजीजवळ, हे मला ठाऊक. नियमाप्रमाणे मी काय करायचं? मान हलवायची, दार लावायचं. मी काय केलं? मास्क खाली ओढला! दोन सेकंद! "अय्या, काय झोकदार मिशी आहे!" म्हणाली. सांगा, तीस वर्षांत हे कुणी म्हटलंय मला? डोरिननंसुद्धा नाही! मी फुगलो, मास्क चढवला, दार लावलं.

मग दाब तपासायचा असतो. काटा जागच्या जागी राहायला हवा... तर तो उतरतोय. हळूहळू, बेट्याला कसली घाईच नाही! कानातल्या हेडफोनमध्ये नियंत्रण कक्षाचा आवाज आला, "हवा गळतेय. उघडा." पन्नास मिनिटं हातात, त्यात जमलं नाही तर आजचं उड्डाण रद्द. उघडलं. आमच्या पाचांतल्या ओटिसनं बॅटरी मारली आणि ओरडला, "केस!"

एक केस हो, एक!

सगळ्यांनी बघितलं ग्वेनकडे. ती आमची मुख्य, कमरेपर्यंत केस. "माझ्याकडे काय बघता? माझे काळे, हा पांढरा." मग सगळे माझ्या टोपीकडे वळले... तिथं काय सापडणार? मग नजरा जराशा खाली आल्या.

"डेल्मर," ग्वेन म्हणाली, "मास्क काढला होतास?"

तीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून गेली. ओटिसचा कुत्रा पांढरा आहे, त्याच्यावर ढकलता आलं असतं! पण आत चार माणसं पडलेली, आणि आणखी केस असला तर?

"काढला होता. दोन सेकंद."

ओरडली असती तर बरं झालं असतं! नुसतं म्हणाली, "पूस." पुसायला गेलो तर घाईघाईनं एकच जागा तीनदा घासली. तिनं मनगट धरलं. "सावकाश. वेळ आहे." वेळ कुठला आलाय? पण पुसलं, तिनं पुसलं, ओटिसनं पुसलं, दार लावलं... आणि काटा? जागचा हलला नाही! अकरा मिनिटं उरली होती.

उडालं यान. नदीकाठी खुर्च्या टाकून बसलेले लोक टाळ्या पिटताहेत, आणि मी? माझ्या डोळ्यांपुढं काटा. पाचसहा दिवसांनी ते चंद्रामागं गेले, संपर्क बंद, घरी टीव्हीवर चाळीस मिनिटं नुसती खरखर. डोरिननं मक्याचा पाव पुढ्यात ठेवला. "खा."

"हवा गळत असेल तर?"

"तू उपाशी राहिलास तर थांबणार आहे का?"

एका केसापायी उपास! मग इलेनाचा आवाज आला, "सगळं ठीक आहे." तेव्हा मी चार तुकडे खाल्ले आणि रडलो... म्हणजे थोडासा.

दुसऱ्या दिवशी सूचना लागली, "यानाच्या दाराजवळ काम करणाऱ्यांनी दाढीमिशी ठेवू नये." नाव नाही घातलं हो, सभ्य माणसं! पाचजणांत मिशी एकट्या मला! उतरवली. जायचा एक केस, गेली सगळी मिशी!

चौघं सुखरूप परतले, आम्हा कामगारांना भेटायला आले. इलेना हात मिळवत मिळवत माझ्यापाशी आली, पुढे गेली, पुन्हा वळली. "अहो, ते मिशीवाले नाही आले? चंद्रामागं कुणाचाच आवाज नव्हता, तेव्हा मला सारखा त्यांचा चेहरा आठवत होता."

मी छाती पुढं काढली. म्हटलं, "बाई, तो मीच!"

तिनं पाऊलभर मागं सरून मला नीट न्याहाळलं.

"छे हो," म्हणाली, "ते चांगले रुबाबदार होते."