मायचा आकडा

समुद्र फकस्त कोकणवाल्यालाच कळतो, असं माझ्यापुढं म्हणू नका. आमची माय पोखर्णीची, जल्मभर ज्वारीची पाखरं हाकललेली. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी तिला रत्नागिरीला नेलतं, माझा भाऊ तिथं एस.टी.वर ड्रायव्हर होता. संध्याकाळी तो खडकावरून गळ टाकायचा. दोरीच्या शेंड्याला शिसं, जरा वर गळ, गळाला कोळंबी. दोरी गरगर फिरवून फेकली की शिसं जायचं लांब अन् कोळंबी निसटून पडायची पायाजवळ. बाकीचे गळवाले लय हसायले.

माय म्हणली, "आरं, गोफणीत दगुड फिरवताना आवळून ऱ्हातो, मग सुटतो. तुझी कोळंबी नुसती फडफडायलीय."

तिनं बुचड्यातला आकडा काढला, वाकवला, शिशाच्या वर बांधला अन् गळ त्यात अडकवला. "पाण्यात पडून दोरी सैल झाली की सुटंल आपोआप. आण हिकडं."

अन् तिनंच दोरी फिरवून फेकली, शेतातल्या माळ्यावर उभी ऱ्हाऊन पाखरांवर गोफण फिरवायची तशी, "हाऽऽ हुर्रऽऽ" वरडून!

एक गळवाला कळवळला, "आजी, ओरडू नका हो, मासे पळतील!"

"पळू दे की," माय म्हणली, "गळ त्यांच्याम्होरं पडलाय."

तेवढ्यात दोरी ताणली. हातभर मासा निघाला!

दुसऱ्या दिवशी खडकावर गेलो, तर समद्यांच्या दोरीला बायकांच्या केसातले आकडे. अन् फेकताना जो तो, हिकडंतिकडं बघून, हळूच म्हणायलाय, "हाऽऽ हुर्रऽऽ!"